तहकूब न झालेली सभा

२६ जानेवारीला सकाळी अकरा वाजून अठ्ठावीस मिनिटांनी आमच्या गावच्या ग्रामसभेची गणपूर्ती झाली. सभा तहकूब झाली नाही.

बातमी म्हणून हे दोन वाक्यांत संपतं, आणि तालुक्याच्या पानावर तेवढ्यालाही जागा मिळाली नसती. पण पहिल्याच तारखेला भरलेली ग्रामसभा गावात कोणालाही आठवत नव्हती. एका माजी सदस्यांना अशी एक सभा आठवत होती. अधिक विचारल्यावर ती कोणाच्या तरी लग्नाची पंगत निघाली.

गाव येवल्यापासून एसटीनं पाऊण तासावर आहे. शिवारात कांदा आणि मका, गावठाणात काही घरांतून पैठणीचे हातमाग. त्यांतला एक माग माझ्या धाकट्या काकूचा. मी तेव्हा नाशिकला एका दैनिकात उपसंपादक होतो आणि जोडून सुट्टी आली की काकूकडे जात असे. पुढचं बहुतेक मी पाहिलेलं आहे. जे पाहिलं नाही, ते दोघांकडून तरी पडताळून घेतलं आहे.

ग्रामसभेचा नियम असा, की गावातल्या मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे मतदार हजर हवेत. आमच्या गावाला शंभर लागतात. तेवढे आले नाहीत तर सभा तहकूब करायची आणि नंतर पुन्हा घ्यायची. या दुसऱ्या सभेला गणपूर्तीची अट नाही. गावानं या नियमातून आपली पद्धत काढली होती. पहिल्या सभेला जायचंच नाही. ती तहकूब होणार हे ठरलेलं. खरी सभा आठ दिवसांनी. लोक एकमेकांना विचारतही तसंच, "तहकूब कधी हाय?" चुकून कोणी पहिल्या सभेला वेळेवर पोचलाच तर शिपाई काळजीनं पुढे येई. "काय झालं? दाखला पाहिजे का?"

ग्रामसेवकानं या पद्धतीत स्वतःची भर घातली होती. पदाचं नाव आता सरकारनं बदललं आहे. गावानं बदललेलं नाही. हा सटाण्याकडचा, कामसू, हेल्मेट न विसरणारा माणूस. त्याच्याकडे दोन गावं होती आणि दोन्हीकडच्या सभा एकाच दिवशी. म्हणून तो दोन्ही सभांचं इतिवृत्त आदल्या दिवशीच लिहून ठेवी. 'गणपूर्तीअभावी सभा सकाळी ११.३० वाजता तहकूब करण्यात आली.' खाली सरपंचांची सही घेऊन ठेवी. झेंडा झाला, जिलबी झाली, की तो सभामंडपात थोडा वेळ बसून दुसऱ्या गावाला निघे. या लिखाणात एकदाही चूक निघाली नव्हती.

सरपंचपद महिलांसाठी राखीव होतं. सरपंचबाई कमी बोलणाऱ्या होत्या. बोलण्याचं काम त्यांचे पती करत. गाव त्यांना भाऊ म्हणे. सभेत दोन खुर्च्या मांडल्या जात, एका खुर्चीवर सरपंचबाई आणि दुसरीवर सरपंचांसारखे भाऊ. माणूस वाईट नव्हता. नळाला पाणी आलं नाही तर रात्री फोन उचलायचा. पण शिस्तीचा भोक्ता. मागच्या तहकूब सभेत एक म्हातारे गृहस्थ गटारीचं काही सांगायला उठले, तेव्हा भाऊंनी त्यांना रजिस्टर दाखवून खाली बसवलं होतं. "आधी सही, मग बोलणं. सही नसंल त्याला सभेत तोंड उघडता येत नाय." म्हातारे सही करून येईपर्यंत चहा आला आणि गटार राहून गेली.

काकूची अडचण फ्लेक्सची होती.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमारास ग्रामपंचायतीनं चौकात दहा बाय आठ फुटांचा लोखंडी सांगाडा उभा केला. हेतू चांगला होता. त्याआधी वाढदिवसांचे फ्लेक्स विजेच्या खांबांना, लिंबाच्या झाडाला आणि एकदा मुक्कामी एसटीला बांधले गेले होते. आता सगळे शुभेच्छुक एका जागी आले. ती जागा काकूच्या खिडकीपासून चार पावलांवर होती. खिडकी पूर्वेची. खिडकीखाली माग.

पैठणीच्या पदरावरची नक्षी रेशमाच्या लहान लहान कांड्या हातानं फिरवून भरावी लागते. मोराची मान मोरपंखी, पोट गडद हिरवं. हे दोन रंग दिव्याखाली एकसारखे दिसतात आणि सकाळच्या उजेडात वेगळे. म्हणून काकू नऊ ते बारा नक्षीला बसे आणि दुपारनंतर साधं विणकाम करी. सांगाडा आल्यापासून सकाळचा उजेड तिच्याकडे गाळून येऊ लागला. कधी गुलाबी, कधी केशरी, आणि ज्या आठवड्यात कोणी मोठा पुढारी गावात येऊन जाई त्या आठवड्यात फारसा नाहीच, कारण तेव्हा एकावर एक तीन फ्लेक्स असत.

फ्लेक्स मागून बघितला तर माणसं उलटी दिसतात. गावातल्या सगळ्यांचा भांग दुसऱ्या बाजूला आहे, असं काकूला वाटू लागलं होतं. समोर भेटलं की तिला क्षणभर ओळख पटत नसे. वाढदिवस मात्र सगळे पाठ. तिचा आवडता फ्लेक्स खालच्या वस्तीवरच्या एका बैलाच्या वाढदिवसाचा होता.

"बैल पांढरा हाय," ती म्हणाली. "मागं बी काय छापलं नव्हतं. चार दिवस लय चांगला उजेड आला."

डिसेंबरात एका सकाळी फ्लेक्स बदलायचा म्हणून सांगाडा तासभर मोकळा होता. खरं ऊन आत आलं आणि काकूला दिसलं, की पदरावरच्या पुऱ्या झालेल्या मोराची मान आणि पोट एकाच हिरव्याचं आहे. लांबून पाहिलं तर त्या मोराला मानच नव्हती. नऊ दिवसांचं काम होतं. तिनं ते चार दिवस बसून उकललं. पस्तीस वर्षांत तिनं मोर उकललेला नव्हता.

काका स्वतः विणकर, स्वभावानं भित्रे, आणि भाऊंचे लांबचे नातलग. त्यांनी सुचवलं, "तू आता मोर सोड. नुसतं साधं विण. पदर दुसऱ्याकडून करून घेऊ."

काकू त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मोर सोडायचा तर माग बी विका."

अर्ज ती तोवर पाच वेळा देऊन चुकली होती. प्रत्येक वेळी भाऊंनी तो दोन्ही हातांनी घेतला.

"काकू, तुम्ही कशाला आल्या? निरोप द्यायचा. ऐनवेळच्या विषयात घेऊन टाकू."

सभेचे विषय वरून ठरून येतात. गावाचे स्वतःचे विषय शेवटी 'ऐनवेळचे' म्हणून घेतात. पहिली सभा तहकूब झाली. आठ दिवसांनी काकू तहकूब सभेला गेली. तिथे ग्रामसेवकानं सांगितलं, की तहकूब सभेत ऐनवेळचा विषय घेता येत नाही. तो नियमच आहे. पुढच्या सभेत घेऊ. पुढची सभा तहकूब झाली. असं पाच वेळा झालं. यात कोणी खोटं बोलत नव्हतं, हे मी दोन्ही बाजूंशी बोलून पाहिलं आहे.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात काकू सहाव्यांदा ग्रामपंचायतीत गेली. मी सोबत होतो. तिनं अर्ज दिला नाही.

"मला एक सांगा," ती ग्रामसेवकाला म्हणाली. "पयल्या सभेला शंभर माणसं आली तर ऐनवेळचा विषय घेता येतो का?"

"येतो की. पण शंभर येणार कुठून?"

"माणसं म्हणजे बाया चालत्यात ना?"

"मतदार असला म्हणजे झालं."

"वाजता किती?"

"अकरा. साडेअकरापर्यंत वाट बघतो आपण." ग्रामसेवक हसला. "म्हणजे, बघायची असते."

संक्रांत ते रथसप्तमी हे हळदीकुंकवाचे दिवस. गावात रोज कोणाकडे तरी असतंच. बायका संध्याकाळी वाण घेऊन घरोघर फिरत असतात. काकूनं आपलं हळदीकुंकू सव्वीस जानेवारीला ठेवलं. वेळ सकाळी पावणेअकरा. जागा मारुतीच्या देवळासमोरचा सभामंडप. बोलावणं ती स्वतः घरोघर जाऊन देऊन आली. मशिदीमागच्या आळीतही गेली. ज्यांना हळदीकुंकवाला बोलवायचं नाही असा गावाचा जुना रिवाज, त्या बायकांकडेही गेली. तिच्या जावेनं त्याबद्दल विचारलं.

"मतदार यादीत सवाष्ण असा रकाना नाय," काकू म्हणाली.

वाण काय, हे तिनं कोणाला सांगितलं नाही. वाणाला डबे, गाळण्या, कंगवे असं काहीबाही देतात. काकूनं येवल्याहून मला खोकं आणायला सांगितलं. त्यात एकशे वीस बॉलपेनं होती.

सव्वीसला शाळेत झेंडावंदन वेळेवर झालं. पोरांनी कवायत केली, जिलबी वाटली. भाऊंनी भाषण केलं. ते संपवून पुरुष नेहमीप्रमाणे पारावर जाऊन बसले. बायका मात्र घरी गेल्या आणि काठाच्या साड्या नेसून परत आल्या. हळदीकुंकवासाठी सभामंडपासमोर लाल कापडाचा मांडव घातला होता. अकराला दहा मिनिटं असताना तो भरला होता.

ग्रामसेवक अकरा वाजून पाच मिनिटांनी आला. हेल्मेट काढलं, मांडवाकडे पाहिलं, पुन्हा मारुतीकडे पाहिलं. घाईत त्याच्या तोंडून त्याच्या गावची बोली आली.

"हाई काय शे?"

"हळदीकुंकू हाय," शिपाई म्हणाला. "आणि ग्रामसभा."

सरपंचबाई आपल्या खुर्चीवर होत्या. त्यांनाही हळदीकुंकवाचं बोलावणं होतं आणि त्या वेळेवर आल्या होत्या. शेजारच्या खुर्चीवर काकूनं तिळगुळाचं ताट आणि पेनांचं खोकं ठेवलं होतं. काकू एकेकीला हळदकुंकू लावे, ज्या नको म्हणत त्यांना नुसता तिळगूळ देई, हातात पेन देई आणि रजिस्टरकडे बोट दाखवी.

"हे काय वाण?" एक म्हातारी म्हणाली. "मला कुठं लिवता येतं?"

"अंगठा लावा. पेन नातवाला द्या."

अंगठ्यासाठी शाईचा पॅड काढला तर तो दगडासारखा वाळला होता. तो उघडल्याची नोंद कोणाकडे नव्हती. ग्रामसेवकानं त्यावर पाणी टाकलं, घासलं; काही उठेना. अंगठेवाल्या अकराजणी रांगेत उभ्या होत्या. काकूनं कुंकवाच्या कोयरीत दोन थेंब पाणी टाकून ती पुढे केली.

"अहो काकू, हे चालत नाही," ग्रामसेवक म्हणाला.

"शाई कुठल्या रंगाची पाहिजे असं लिहिलंय का?"

त्यानं परिपत्रकांची फाईल चाळली. लिहिलेलं नव्हतं. रजिस्टरच्या त्या पानावर अकरा अंगठे कुंकवाचे आहेत.

अकरा वाजून दहा मिनिटांनी सरपंचबाईंनी इतिवृत्ताची वही मागितली. ग्रामसेवकानं ती द्यायला वेळ लावला. त्यांनी पान उघडून वाचलं.

"साडेअकरा वाजता तहकूब," त्या म्हणाल्या. "आत्ता किती वाजले?"

"अकरा दहा."

"मग हे कोणी लिहिलं?"

"मी, मॅडम."

"आणि सही?"

"तुमची."

त्यांनी वही जवळ नेऊन पाहिली. "हां. माझीच हाय."

मांडवात हसू पिकलं. ग्रामसेवकानं वही ओढून घेऊन पानाची कडा चाचपली. वहीची पानं छापील क्रमांकाची; फाडता येत नाहीत. काकू पुढे झाली.

"साहेब, घाबरू नका. साडेअकराला शंभर नाय झाले तर तुमचं लिहिलेलं खरं. झाले तर खोडा."

हे सर्वांना पटलं. मोजणी सुरू झाली. बायका एकशे बारा होत्या, पण ग्रामसेवक मतदार यादी घेऊन बसला आणि त्यानं सोळा नावं बाजूला काढली. काही माहेरपणाला आलेल्या लेकी, बाकीच्या नव्या सुना, ज्यांची नावं अजून माहेरच्या यादीत. त्यांनी पेनं परत द्यायची का, असा प्रश्न आला. काकू म्हणाली, ठेवा. सरपंचबाईंसह सह्या शहाण्णव झाल्या. अकरा वाजून वीस मिनिटं.

शिपायानं सही केली. सत्त्याण्णव.

"तुझं नाव?" काकूनं मला विचारलं.

"नाशिकच्या यादीत."

"मग तू आला कशाला?"

पार मांडवापासून वीस पावलांवर होता. तिथे तिसेक पुरुष बसले होते. भाऊ पारासमोर मोटारसायकलला टेकून उभे होते आणि मांडवाकडे बघत होते. पुरुष भाऊंकडे बघत होते. कोणी उठत नव्हतं. एकानं मोबाइल कानाला लावला. तो वाजला नव्हता.

काकूनं मांडवातूनच हाक मारली. "अहो!"

पारावरच्या सगळ्या लग्न झालेल्या पुरुषांनी माना वर केल्या. काका उठले. उठताना त्यांनी शेजारच्या म्हाताऱ्या विणकराचा हात धरला, तो सोडायला विसरले, आणि दोघंही मांडवात आले. काकांनी सही केली. काकांच्या सहीतलं शेवटचं अक्षर ओळीबाहेर गेलं आहे. म्हाताऱ्या विणकरानं चष्मा पुसून केली. नव्व्याण्णव. अकरा पंचवीस.

त्यानंतर कोणी आलं नाही. ग्रामसेवक घड्याळ बघत होता. काकू पेनांच्या खोक्यापाशी उभी होती. तिनं एक पेन हातात धरलेलं होतं आणि ते ती कोणाला देत नव्हती.

अकरा सत्तावीसला भाऊ मांडवात आले. बसायला गेले तर खुर्चीवर तिळगूळ होता. ते उभेच राहिले.

"नव्व्याण्णव हायेत," ते म्हणाले. "गणपूर्ती नाय. नियम म्हणजे नियम. काकू, वाईट वाटून घेऊ नका. सभा तहकूब..."

"अहो," सरपंचबाई म्हणाल्या.

भाऊ थांबले. सभेत त्यांना मध्येच कोणी थांबवण्याची ही पहिली वेळ असावी.

"आधी सही," सरपंचबाई म्हणाल्या, "मग बोलणं."

"म्हणजे?"

"सही नसंल त्याला सभेत तोंड उघडता येत नाय. तुम्हीच सांगितलं होतं मागच्या खेपेला. ते गटारीवाले बाबा न बोलताच घरी गेले होते."

मागून कोणीतरी म्हणालं, "बराबर हाय." गटारीवाले बाबा पारावर होते. तेही उठून उभे राहिले.

भाऊ ग्रामसेवकाकडे वळले. ग्रामसेवक म्हणाला, "हरकत नोंदवायची तर हजेरी लागेल, भाऊ."

"आण इकडं." भाऊंनी खिसा चाचपला. काकूनं हातातलं पेन पुढे केलं. त्यांनी ठळक, वळणदार सही केली आणि खाली दोन टिंबं दिली. मग रजिस्टर ग्रामसेवकापुढे सरकवलं. "घ्या. लिहा. गणपूर्ती नसल्यामुळं माझी हरकत हाय."

ग्रामसेवकानं क्रमांकाच्या रकान्यावर बोट ठेवलं. बोट तिथेच राहिलं.

"भाऊ," तो म्हणाला, "शंभर झाले."

भाऊंनी रजिस्टर पुन्हा पाहिलं.  मग गटारीवाले बाबा हसले, आणि मग कोणी थांबायचं नाव घेईना. भाऊही शेवटी हसले. हसत हसत म्हणाले, "काकू, तुम्ही पेन दिलं!"

"वाण हाय," काकू म्हणाली. "ठेवा."

घड्याळात अकरा अठ्ठावीस झाले होते. ग्रामसेवकानं लाल शाईनं 'तहकूब' ही ओळ खोडून शेजारी सही केली. पारावरचे पुरुष एकेक करून आले. अखेरचा आकडा एकशे सव्वीस.

वरून आलेले विषय चाळीस मिनिटांत संपले. मग ऐनवेळचा विषय. काकूनं उभं राहून तीन वाक्यांत मांडला. सांगाडा हलवा. मला उजेड पाहिजे. दोन वर्षं झाली.

भाऊंचा विरोध होता आणि तो लपवलेला नव्हता. ९ फेब्रुवारीला त्यांचा वाढदिवस होता. फ्लेक्स छापून आला होता, दहा बाय आठचा. चौकात जशी नजर जाते तशी दुसरीकडे जात नाही.

"पंधरा दिवस थांबा," ते म्हणाले. "आणि काकू, खरं सांगू का, एवढा काय फरक पडतो? लाइट लावायचा. एलईडी लय भारी येऊ राहिल्या आता."

काकूनं पदराच्या गाठीतून रेशमाची सुपारीएवढी दोन बंडलं काढली आणि तळहातावर ठेवून त्यांच्यापुढे धरली. मांडवाच्या लाल कापडातून ऊन खाली येत होतं.

"यातला मोरपंखी कुठला?"

भाऊंनी वाकून पाहिलं. चष्मा लावला. दोन्ही बंडलं काळपट हिरवी दिसत होती. मीही पाहिली; सांगता आलं नसतं. पहिल्या रांगेतल्या बायकांतही दोन तट पडले.

"हा," भाऊ म्हणाले.

"चला."

काकू त्यांना मांडवाबाहेर उन्हात घेऊन गेली. तिच्या मागे अर्धी सभा. उन्हात एक बंडल निळसर झालं आणि दुसरं हिरवंच राहिलं. भाऊंनी दाखवलेलं दुसरं होतं.

"तुमच्या वाढदिवसाला तुमचं तोंड असं छापलं," काकू म्हणाली, "का तोंड कुठलं न् पोट कुठलं कळंना, तर चालंल का?"

भाऊंनी चष्मा काढून खिशात ठेवला. पाराच्या कडेला कोणीतरी खोकल्याचा आवाज काढला.

सांगाडा हलवायचा यावर मग फार वाद झाला नाही. वाद कुठे, यावर झाला आणि तो पाऊण तास चालला. शाळेपुढे नको, पोरं फळ्याऐवजी मिशा बघत बसतील. मारुतीपुढे नको, देवानं कोणाकोणाला शुभेच्छा द्यायच्या? पाण्याच्या टाकीपाशी नको, असं बायकांनी एकमुखानं सांगितलं, कारण विचारल्यावर "सकाळी सकाळी?" एवढंच म्हणाल्या. ज्यांनी ज्यांनी आजवर फ्लेक्स लावले होते, त्यांतला एकही आपल्या दारासमोर तो घ्यायला तयार नव्हता. शेवटी शिपायानं सुचवलं, ग्रामपंचायतीच्या कार्यालयाची उत्तरेची भिंत. तिला खिडकी नाही, दार नाही, समोर घर नाही.

"पण तिकडं कोण बघतंय?" भाऊ म्हणाले.

"ग्रामपंचायतीकडं तसं कोणीच बघत नाय," गटारीवाले बाबा म्हणाले. "आता बघत्याल."

सरपंचबाईंनी हात वर करायला सांगितले. हात वर झाले तेव्हा बहुतेकांत पेन होतं. विरोधात एकही नव्हता. भाऊंचा हात कोणत्याच बाजूनं वर नव्हता. इतिवृत्तात तशी नोंद नाही, पण मी पाहिलं. ठरावाची सूचक काकू, अनुमोदक म्हातारे विणकर. गटारीचा विषय त्याच सभेत, त्यानंतर घेतला गेला. ग्रामसेवक दुसऱ्या गावाला दुपारी पावणेदोनला निघाला. तिथली सभा तोवर लिहिल्याप्रमाणे तहकूब झाली होती.

मार्चमध्ये धुळवडीच्या सुट्टीत मी गेलो, तेव्हा मिळालेली माहिती अशी. सांगाडा ८ फेब्रुवारीला हलला. हलवताना भाऊ स्वतः हजर होते आणि एका बाजूनं त्यांनी हात लावला. ९ तारखेला त्यांचा फ्लेक्स उत्तरेच्या भिंतीवर लागला. तो महिनाभर तसाच होता.

काकूच्या खिडकीसमोर सिमेंटनं बुजवलेले दोन खड्डे होते. सकाळचे साडेनऊ वाजले होते. ऊन मागावर पडलं होतं. पदरावर तीन मोर पूर्ण झाले होते आणि चौथ्याची मान चालू होती. मान मोरपंखी, पोट गडद हिरवं.